एकबुटी

तिला एकबुटी हे नाव कुणी दिलं ते आता कुणालाच सांगता येत नाही. पण ते पडलं आणि तिचं खरं नाव गल्लीतून असं पुसलं गेलं, की एकदा टपालवाल्याने खऱ्या नावाने हाक मारली तेव्हा तिने स्वतःच, "वरच्या मजल्यावर विचारा, इथे कुणी नाही या नावाचं," म्हणून त्याला वाटेला लावलं.

ती नळकाम करायची. बापाच्या हाताखाली शिकली आणि बाप थकल्यावर त्याची हत्यारांची पिशवी तिने खांद्यावर घेतली. गल्लीच्या दोन्ही बाजूंच्या इमारतींत तिचा हात न लागलेला नळ शोधून सापडला नसता. कामाला कुणी नावं ठेवत नसे. नावं ठेवायची जागा वेगळी होती. काम संपलं की ती हत्यारं तिथेच विसरून घरी यायची. हत्यारं आणायला परत गेली की त्या घरच्यांनी दिलेला चहा प्यायची, त्यांच्या खिडकीची सैल झालेली कडी घट्ट करून द्यायची, आणि हत्यारं न घेताच परत यायची. कडी घट्ट करायला वापरलेला पाना मात्र खिशात असायचा. तोही बऱ्याचदा त्यांचाच.

हे लहानपणापासूनचं. आई तिला मीठ आणायला पाठवायची तेव्हा पाठोपाठ तिच्या बहिणीला पाठवायची, मीठ आणायला नव्हे, हिला आणायला. धांदरट, वेंधळी, विसरभोळी, बेफिकीर, सगळी विशेषणं तिच्या अंगाला इतकी सवयीची झाली होती की कुणी 'हुशार' म्हटलं तर ती मागे वळून बघायची.

नवरा अगदी उलट. तो औषधांच्या दुकानात कामाला होता आणि दिवसभर बाटल्या अक्षरांच्या क्रमाने लावत असे. घरीही त्याने स्वयंपाकघराची मांडणी त्याच शिस्तीत केली होती. त्यामुळे त्यांच्या घरी चहाचा डबा वरच्या फळीला आणि साखर थेट खाली, कारण च आणि स यांच्यामध्ये बरीच अक्षरं येतात. माणूस मात्र शांत. बायको अशी का वागते हे त्याला कळत नसे, पण न कळणाऱ्या गोष्टीवर चिडायचं नाही असा त्याचा स्वभाव होता.

एका संध्याकाळी घरातला दिवा गेला. ती नवा आणायला बाहेर पडली आणि जेवायची वेळ टळून गेल्यावर एक लाकडी दार घेऊन परत आली. चांगलं होतं दार, सागवानी, कुणीतरी फेकून दिलेलं. तिने वाटेत त्याचं बिजागरसुद्धा दुरुस्त करून आणलं होतं. दिवा नव्हता. मग अंधारात बसून दोघांनी ते दार कुठे ठेवायचं यावर बराच वेळ चर्चा केली, आणि चर्चेच्या शेवटी नवरा म्हणाला, "उद्या आपण डॉक्टरांकडे जाऊ या का?"

डॉक्टरीण वयस्कर होती. तिने पुष्कळ प्रश्न विचारले, कागद भरून घेतले, पुन्हा दोनदा बोलावलं, आणि मग सांगितलं, "तुम्हाला एडीएचडी आहे."

"म्हणजे माझं लक्ष नसतं, असंच ना?"

"लक्ष भरपूर असतं. फक्त कुठे जायचं ते तुम्हाला विचारून जात नाही."

"म्हणजे मी आळशी नाही?"

"नाही."

"धांदरट?"

"तेही नाही."

एकबुटीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "हे तुम्ही जरा कागदावर लिहून, सही करून द्याल का? मला बऱ्याच जणांना दाखवायचंय." डॉक्टरणीने खरंच लिहून दिलं. तो कागद ती घरी येईपर्यंत बसमध्ये विसरली, ही गोष्ट वेगळी.

गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी डोक्यातला गलका कमी झाला, पण गलका करणारे तिथेच मुक्कामाला राहिले. डॉक्टरणीने निरोप देताना आणखी एक सांगितलं होतं : "लक्षात ठेवायच्या गोष्टी डोक्यात ठेवू नका. बाहेर ठेवा. दिसतील अशा, अडखळाल अशा ठेवा."

तिने आधी फोनमध्ये गजर लावले. इतके लावले की फोन दिवसभर रडक्या पोरासारखा वाजत राहायचा आणि ती त्याला थोपटून गप्प करायची. त्यातला एक गजर रोज रात्री नऊला वाजायचा आणि पडद्यावर नुसतं 'ते करायचंच!' एवढं यायचं. ते म्हणजे काय, हे तिला पहिल्याच आठवड्यात आठवेनासं झालं होतं. पण शेवटी उद्गारचिन्ह होतं, म्हणजे काम महत्त्वाचं असणार. म्हणून तिने तो गजर काढला नाही. नऊ वाजता दोघं जण एकमेकांकडे बघायची आणि गजर थांबेपर्यंत गंभीर चेहऱ्याने उभी राहायची.

मग तिने हातावर लिहून बघितलं. नळवालीचे हात दिवसभर पाण्यात. दुपारपर्यंत तळव्यावर निळा डाग उरायचा आणि तो डाग काय म्हणतोय याचा अंदाज बांधत ती घरी यायची.

शेवटी तिला डॉक्टरणीचा शब्द आठवला. अडखळाल अशा ठेवा. नळवाल्याला सांगितलेलं शब्दशः करायची सवय असते. ती रोज डबा फ्रिजमध्ये विसरून जायची, तर तिने रात्री उजव्या पायाचा बूट फ्रिजमध्ये डब्याच्या शेजारी ठेवला. सकाळी बूट शोधत शोधत फ्रिजपर्यंत आली आणि समोर डबा! पाय गारठला, पण डबा गेला कामावर. लग्नानंतर पहिल्यांदा.

मग काय विचारता. घरभर तिच्या आठवणी उगवल्या. पलंगावर उघडी छत्री म्हणजे नवऱ्याचा चष्मा दुरुस्तीला टाकलाय. खुर्ची उलटी म्हणजे बहिणीला फोन करायचाय. दाराच्या कडीला पातेलं लटकलेलं म्हणजे गॅसवाला येणार आहे. नवरा बिचारा रात्री छत्रीशेजारी झोपायचा. कधी कधी खूण राहायची आणि अर्थ उडून जायचा. मग चपलेत चमचा का आहे, यावर दोघांची चौकशी समिती बसायची. "चमच्यावरून काही आठवतं का?" "सूप?" "सूप करायचं होतं का?" "चपलेत?" असं करत करत शेवटी ते सूप करून प्यायचे आणि विषय मिटवायचे.

पण तिची मोठी चूक घरातली नव्हती, कामातली होती. नळाचं काम करायचं तर इमारतीचं पाणी खालून बंद करावं लागतं. ती ज्या इमारतीत राहायची तिच्या तळघरात एक पाण्याची खोली होती आणि तिथे मुख्य पाइपावर लोखंडी चाक होतं. चाक फिरवलं की सगळ्या मजल्यांचं पाणी बंद. एकदा ते बंद करून, काम उरकून ती बहिणीकडे जेवायला निघून गेली. परत आली तेव्हा फाटकाशी सगळी इमारत रिकाम्या बादल्या घेऊन उभी होती. तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते तिने त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिलं.

त्यानंतर तिने नियम केला. चाक बंद केलं की डाव्या पायाचा बूट काढायचा आणि चाकावर अडकवायचा. बुटाशिवाय बाहेर जाता येत नाही. बूट घ्यायला खाली जाल, तर चाक दिसेल. चाक दिसलं की पाणी सुरू कराल. आणि हा नियम कधीही, एकदाही फसला नाही. एका पायात जाड बूट आणि दुसऱ्या पायात नुसता मोजा घालून ती जिन्यावरून टक-फस, टक-फस करत फिरायची आणि बघणाऱ्याला कळायचं, पाणी बंद आहे. तेव्हापासून ती एकबुटी.

लोकांचा तिच्या पायांवर इतका विश्वास बसला की एकदा रस्त्यात बुटात खडा गेला म्हणून ती पायरीवर बसली आणि बूट काढून झटकू लागली, तर समोरच्या खिडकीतून कुणीतरी ओरडलं, "एकबुटी! भरून घ्या!" बघता बघता गल्लीतल्या प्रत्येक घरात बादल्या, टब, पातेली, फुलदाण्या नळाखाली लागल्या. सगळ्यांनी एकदम भरल्यावर टाक्या रिकाम्या झाल्या आणि पाणी खरंच गेलं. लोक म्हणाले, "बघा, बाई कधी चुकायची नाही."

असं सगळं मार्गी लागलेलं असताना सासूबाई आठ दिवस राहायला आल्या.

सासूबाई म्हणजे कडक बाई. मुलाने अक्षरांचा क्रम कुणाकडून घेतला ते त्यांना बघितल्यावर कळायचं. सून कामावर गेली तशी त्यांनी पदर खोचला आणि घराकडे एक नजर टाकली. पलंगावर छत्री. खुर्ची उलटी. कडीला पातेलं. न्हाणीघरात पुस्तक, पुस्तकात मोजा. त्यांनी मनात म्हटलं, पोरगी दिवसभर राबते, घराकडे बघायला सवड नाही तिला, आपण काय बसून खायला आलोय? आणि त्यांनी घर आवरलं. छत्री खुंटीवर गेली, खुर्ची पायांवर आली, पातेलं फळीवर. चपलेतला चमचासुद्धा धुऊन जागेवर ठेवला.

म्हणजे सुनेची सगळी आठवण त्यांनी एका सकाळी झाडून पुसून काढली, तीही प्रेमाने.

एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण त्या कचरा टाकायला तळघरात गेल्या. कचऱ्याचे डबे पाण्याच्या खोलीला लागूनच होते. तिथे त्यांना लोखंडी चाकावर लटकलेला सुनेचा बूट दिसला. "अगंबाई!" त्या म्हणाल्या. "इथे कुणी टाकला हा?" त्यांनी तो वर आणला, ओल्या फडक्याने पुसला, पॉलिश लावून चमकवला आणि दाराशी ठेवून दिला.

एकबुटी तेव्हा तिसऱ्या मजल्यावर गंजलेला सांधा बदलत होती. काम छान झालं. आता खाली जाऊन चाक उघडलं की संपलं. तिचं घर तळमजल्यावर, तळघराच्या जिन्याला लागून. पिशवी जड होती म्हणून ती आधी घरात टाकायला गेली. उजवा बूट दाराशी काढून ती आत गेली, तर घर आरशासारखं लखलखीत. एकही खूण नाही. म्हणजे एकही काम बाकी नाही! तिच्या छातीवरून कुणीतरी मोठं ओझं उचलल्यासारखं झालं. सासूबाईंनी वाढलेलं ती पोटभर जेवली, आणि निघताना दाराशी बघते तर दोन्ही बूट शेजारी शेजारी. दोन्हीही चमकणारे, कारण उजव्यालाही तोवर पॉलिश लागलं होतं.

ती क्षणभर थांबली. डावा बूट इथे आहे. म्हणजे मी तो चाकावरून काढला. म्हणजे चाक मी उघडलं. मला काहीच आठवत नाही, म्हणजे नेहमीप्रमाणे विसरले. तिने स्वतःवर संशय घेतला नाही असं नाही, पण नियमावर संशय घ्यायचं तिच्या मनातही आलं नाही. नियम कधी फसला नव्हता. ती किती तरी वेळा फसली होती. तिने दोन्ही बूट चढवले आणि टक-टक करत पुढच्या कामाला निघून गेली.

दुसऱ्या मजल्यावर गणिताचे एक निवृत्त मास्तर राहायचे. त्यांनी खिडकीतून तिला जाताना पाहिलं आणि हात धुवायला नळ उघडला. नळ कोरडा. मास्तरांनी रीतसर विचार केला. बाई दोन बुटांत आहे. त्याअर्थी इमारतीला पाणी आहे. त्याअर्थी दोष माझ्या नळात आहे. त्यांनी तिला फोन केला. तोवर पहिल्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनीही हाच विचार केला होता आणि चौथ्या मजल्यावरच्यांनीही. प्रत्येकाला वाटलं आपलाच नळ बिघडला. शेजारच्याला विचारायची लाज वाटली.

एकबुटी धावत आली. मास्तरांच्या नळाचं डोकं काढून बघितलं, वॉशर चांगलं. "पाइपात काही अडकलंय का बघते," ती म्हणाली, तेवढ्यात शिवणवाल्या बाई दारात आल्या : "अहो, माझंही बघा ना जरा." मास्तरांचा नळ तसाच उघडा टाकून ती तिकडे गेली. तिथला खोलला, तोवर चौथ्या मजल्यावरून हाक आली. पाना शिवणवालीकडे राहिला म्हणून मास्तरांची पक्कड घेतली, पक्कड चौथ्यावर राहिली म्हणून तिसऱ्यावर हातानेच खोललं. तासाभरात इमारतीत धड असा एक नळ उरला नाही. प्रत्येक ओट्यावर वॉशर, स्क्रू आणि नळाची डोकी पसरलेली, आणि ती मधल्या जिन्यात घामाघूम होऊन उभी. "मास्तर," ती म्हणाली, "सगळ्यांचे नळ एकाच दिवशी कसे बिघडतील?"

"शक्यता फार कमी," मास्तर म्हणाले. "पण शून्य नाही."

तेवढ्यात सासूबाई तिच्यासाठी पिंपातल्या पाण्याचा चहा करून जिना चढत आल्या. त्यांची नजर सुनेच्या पायांकडे गेली आणि चेहरा खुलला. "कसे चमकताहेत बघ! अगं, एक तर कुणीतरी खाली तळघरात नेऊन टाकला होता. त्या लोखंडी चाकावर. मी आणला म्हणून बरं."

मग एकबुटीने, "आई!" एवढंच म्हटलं आणि ती खाली धावली. धावताना तिच्या मनात एकच गोष्ट होती, चाक. आयुष्यात क्वचित इतकी एकच गोष्ट तिच्या मनात असायची. मास्तरांच्या डोक्यात पुढचं गणित सुटलं तेव्हा ती तळघरात पोहोचली होती. "थांबा!" मास्तर कठड्यावरून ओरडले. "नळ उघडे आहेत!"

तिने चाक पूर्ण उघडलं. पाइपातून पाणी सुसाट वर गेल्याचा आवाज ऐकून तिचा जीव भांड्यात पडला. पाठोपाठ वरून सगळ्या मजल्यांचा आरडाओरडा ऐकू आला. लोक आनंदाने ओरडताहेत असं तिला वाटलं. ती हसत हसत बाहेर आली, तर जिन्यावरून पायरी पायरी करत पाणीच तिला भेटायला खाली येत होतं.

वर मास्तर पाइपाच्या तोंडात अंगठा घालून उभे होते आणि पाणी त्यांच्या बाहीतून वाट काढत होतं. शिवणवाल्या बाईंनी पाइपावर इस्त्रीचं टेबल आडवं धरलं होतं. चौथ्या मजल्यावरचं कुटुंब पलंगावर चढून बसलं होतं. एकबुटी पुन्हा खाली धावली, चाक बंद केलं, आणि सवयीने बूट काढून त्यावर अडकवला. मग सगळ्यांचे नळ बसवायला लागली.

संध्याकाळपर्यंत सगळी इमारत फडकी पिळत होती. गंमत म्हणजे रागावलं कुणीच नाही. रागावायचं कुणावर? बाई नियमाने वागली, मास्तर तर्काने वागले आणि सासूबाई मायेने. शेवटी जिना पुसायला सासू-सून दोघीच उरल्या. सासूबाईंनी फडकं बादलीत बुडवलं.

"मला सांगायचं नाही का? त्या छत्रीला अर्थ होता म्हणून?"

"सांगायचं होतं आई. तुम्ही आलात त्या दिवशीच. त्यासाठी मी पुस्तकात मोजा ठेवला होता."

सासूबाईंनी फडकं पिळलं. "तो मी धुऊन वाळत घातला." मग पुढच्या पायरीवर सरकत, "असं विसरतेस तेव्हा तुझ्या मनात असतं तरी काय गं?"

हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. 'मन कुठे होतं?' असं खूप जणांनी खडसावलं होतं, पण उत्तर ऐकायला कुणी थांबलं नव्हतं. ती पायरीवर बसली. "पाणी प्यायला उठते मी. वाटेत खिडकीची कडी दिसते, सैल. कडीवरून पाना आठवतो. पाना कुठे आहे? ज्यांच्याकडे आहे त्यांच्या मुलीची परीक्षा होती, कशी गेली असेल? तेवढ्यात बाहेर कुणीतरी जिना चढतं, पायरी वाजते, ती पायरी हलतेय वाटतं. मी पायरी बघायला जाते. तहान लागलेलीच असते, आई. दिवसभर लागलेली असते. कशाची लागलीय तेच कळत नाही."

सासूबाईंनी फडकं बाजूला ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "हे माझ्या मुलाला लग्नाआधी सांगितलं होतंस?"

"सांगणार होते. विसरले."

आणि त्या कडक बाईला असं हसू फुटलं की त्यांना कठडा धरावा लागला. त्या हसताहेत म्हणून सूनही हसायला लागली. काय झालं म्हणून नवरा घरातून बाहेर येऊन बघायला लागला, तर दोघी ओल्या जिन्यात बसून डोळे पुसताहेत.

त्यानंतर सासूबाईंनी कामच अंगावर घेतलं. सुनेने चाक बंद केलं की त्या तळघरात स्टूल टाकून, विणकाम घेऊन चाकाशेजारी बसायच्या आणि ती आली की विचारायच्या, "झालं का गं?" सून मध्येच भलतीकडे निघाली, तर जिन्यातून हाक मारायच्या. येणारे-जाणारे त्यांच्याशी दोन शब्द बोलायला थांबायचे. मास्तर तर रोजच थांबायचे, आणि चाक विसरलं जायची शक्यता आता किती उरली ते बोटांवर मोजून दाखवायचे. घर मात्र त्यांनी परत आवरलं नाही. पलंगावर छत्री दिसली की त्या तिला वळसा घालून जायच्या, एखाद्या झोपलेल्या पाहुण्याला घालावा तसा.

आठ दिवस सरले, महिना सरला. एका रात्री जेवताना नवऱ्याने विचारलं, "आई, तुझं परतीचं तिकीट कधीचं?"

"ते मी सुनेला काढायला सांगितलंय," सासूबाई म्हणाल्या आणि निवांतपणे जेवत राहिल्या.

नवऱ्याने बायकोकडे बघितलं. ती खाली मान घालून पाणी पीत होती. त्याला वाटलं, विसरली असणार. पण तसं नव्हतं. तिकीट काढायचंय हे तिला रोज सकाळी डोळे उघडताच आठवायचं. घरात त्याची कुठलीही खूण नव्हती, गजर नव्हता, हातावर काही लिहिलेलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच एक काम तिच्या डोक्यात न चुकता, आपण होऊन, ठाण मांडून बसलं होतं, आणि ती ते काही केल्या करत नव्हती.